बांधलेला कचरा आणि पाझरलेले विष : भोपाळच्या निमित्ताने सीमापार सहकार्याची चिकित्सा

१. टिपणाचा हेतू

पर्यावरणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय सहकार्याचे प्रकरण बहुधा करारांच्या यादीने सुरू होते. करार कुठे झाला, कधी अमलात आला, भारताने कधी मान्यता दिली, एवढे पाठ झाले की परीक्षेपुरता विषय संपतो. पण एखादा करार प्रत्यक्षात काय करतो आणि काय करत नाही, हे त्या यादीतून कळत नाही. त्यासाठी एखादी जागा घेऊन तिथल्या कचऱ्याचे काय झाले हे शेवटपर्यंत पाहावे लागते.

अशी जागा म्हणून आपण भोपाळमधील युनियन कार्बाइडचा बंद कारखाना घेणार आहोत. तिथल्या विषारी कचऱ्यासाठी गुजरात, महाराष्ट्र आणि जर्मनी अशा तीन सीमा ओलांडण्याचे बेत झाले आणि तिन्ही फसले. शेवटी २०२५ मध्ये तो कचरा मध्य प्रदेशातच पिथमपूरला जाळला गेला. 'भोपाळचा कचरा अखेर हटला' अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. लखनौच्या एका प्रयोगशाळेने केलेल्या भूजल तपासण्या मात्र सांगतात की विषाचा मोठा भाग अजून जागेवर आहे आणि तो पसरतो आहे.

या टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे : सीमापार सहकार्याची आजची चौकट वाहून नेता येणाऱ्या कचऱ्यासाठी घडलेली आहे. जे विष जमिनीत मुरले आणि पाण्यात उतरले, त्याच्यासाठी त्या चौकटीत फारशी जागा नाही. भोपाळमध्ये हीच उणीव लोकांच्या पिण्याच्या पाण्यात दिसते.

२. एका कारखान्याचे दोन वारसे

भोपाळ म्हटले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आठवते. त्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे दगावली. तो पहिला वारसा. दुसरा वारसा त्याआधीच सुरू झाला होता. हा कारखाना १९६९ पासून कीटकनाशके बनवत होता. उत्पादनातून निघणारे अवशेष, बिघडलेले माल आणि द्रावके आवारातच खड्ड्यांत टाकली जात. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी मोठी तळी बांधण्यात आली. तळाला प्लास्टिकचे अस्तर होते, पण ते गळत असल्याचे निरोप १९८२ मध्येच भोपाळहून अमेरिकेतील मुख्य कंपनीकडे गेले होते.

म्हणजे वायुदुर्घटना घडलीच नसती, तरी जमीन आणि पाणी दूषित होण्याचा प्रश्न उभा राहिलाच असता. हा भेद परीक्षेच्या उत्तरात नेहमी पुसला जातो. १९८९ च्या फेब्रुवारीत झालेली ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुदुर्घटनेच्या खटल्यात झाली. भूजल दूषणाची दखल तिच्यात नव्हती, आणि त्या वेळी त्याचे मोजमापही झालेले नव्हते.

दूषणाचेही दोन भाग आहेत. पहिला भाग २००५ च्या सुमारास आवारातून गोळा करून, पोत्यांत आणि पिंपांत भरून गोदामात ठेवलेला कचरा. सुरुवातीला तो सुमारे ३८५ टन होता. त्यातला सुमारे ४० टन चुनामिश्रित गाळ २००८ मध्ये पिथमपूरला नेऊन पुरला गेला. उरलेल्यापैकी १० टन २०१५ मध्ये चाचणी म्हणून जाळले गेले. शेवटी राहिलेला आकडा ३३७ टन. दुसरा भाग म्हणजे दूषित माती आणि तिच्याखालचे पाणी. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह २०१० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार उपाययोजना लागणारी माती सुमारे ११ लाख टन आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दर दहा हजार टन दूषित मातीमागे पोत्यांतला कचरा साधारण तीन टन पडतो. त्या ३३७ टनांतही १६२ टन ही आवारातून खरवडलेली मातीच होती. बाकीच्यात कीटकनाशकांचे अवशेष, अर्धवट तयार झालेला माल आणि संयंत्राच्या टाक्यांतील उरलेला कचरा होता. वजनाने छोटा असला तरी हा भाग अधिक तीव्र होता, हेही नमूद करायला हवे.

३. कचऱ्याचा कागदोपत्री प्रवास

पोत्यांतल्या कचऱ्याचे काय करायचे, यावर मध्य प्रदेश उच्च न्यायालयात २००४ पासून जनहित याचिका चालू होती. पुढचा क्रम असा :

- २००७ : गुजरातमधील अंकलेश्वरच्या भट्टीत कचरा जाळण्याचा निर्णय झाला. गुजरात सरकारने आधी संमती दिली होती. स्थानिक विरोधानंतर ती मागे घेतली.
- २०११ : नागपूरजवळ बुटीबोरी परिसरात असलेल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचा पर्याय पुढे आला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती दिली नाही. विदर्भातील पर्यावरण कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि कचरा आणण्यास स्थगिती मिळाली.
- २०१२ : जर्मन सरकारची विकास सहकार्य संस्था जीआयझेड हिने कचरा विमानाने जर्मनीला नेऊन तिथे जाळण्याचा प्रस्ताव दिला. केंद्रीय मंत्रिगटाने जूनमध्ये तो मान्य केला. खर्च सुमारे २५ कोटी रुपये होता. जर्मनीत पर्यावरण संघटना आणि वृत्तपत्रांनी आक्षेप घेतले. सप्टेंबरमध्ये जीआयझेडने माघार घेतली.
- २०१५ : पिथमपूरच्या भट्टीत १० टनांची चाचणी झाली.
- २०२४-२५ : मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवड्यांत कचरा हलवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनर भोपाळहून निघाले आणि सुमारे २५० किलोमीटरवरच्या पिथमपूरला पोहोचले. तिथे मोठे आंदोलन झाले. दोन आंदोलकांनी पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि ते भाजले. चाचण्यांनंतर जूनअखेर सगळा कचरा जाळून झाला.

या क्रमाकडे पाहून पहिला मोह होतो तो 'आपल्या दारात नको' या वृत्तीला दोष देण्याचा. तो दोष अर्धवट आहे. धोकादायक कचरा अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा, तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, असा आपल्या नियमांचा दंडक आहे. नागपूरकरांनी किंवा अंकलेश्वरकरांनी नकार दिला, तो याच तरतुदीच्या आधारे. शिवाय त्यांचा प्रश्न साधा होता : भट्टीतून डायॉक्सिनसारखी संयुगे बाहेर पडली, तर मोजणार कोण आणि जबाबदार कोण? क्लोरीन असलेला कचरा जाळताना भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमान सतत राखावे लागते आणि धूर झपाट्याने थंड करावा लागतो. यात कुचराई झाली तर डायॉक्सिन तयार होण्याची शक्यता वाढते. जर्मनीतील नागरिकांनी तीच शंका घेतली, तेव्हा त्यांना मागास म्हटले गेले नाही. पिथमपूरच्या लोकांनी घेतली, तेव्हा मात्र 'अफवांना बळी पडलेले' हा शिक्का बसला. सहकार्याच्या भाषेत नकार देण्याचा अधिकार सर्वांना सारखा असायला हवा. प्रत्यक्षात तो ज्याच्याजवळ राज्याची किंवा देशाची सीमा होती, त्यालाच वापरता आला. पिथमपूर भोपाळच्याच राज्यात होते, म्हणून त्याच्याजवळ सीमा नव्हती.

खर्चाचा हिशेबही बोलका आहे. जर्मन प्रस्तावात टनामागे साधारण ७ लाख रुपये पडत होते. २०२५ च्या कामासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे टनामागे ३७ लाखांहून अधिक. मधल्या बारा वर्षांची महागाई धरली तरी फरक मोठा राहतो. आणि जाळल्यावर प्रश्न संपला असेही नाही. चुना वगैरे मिसळून उरलेल्या राखेचे वजन आठशे टनांच्या वर गेले. मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक वजनाची ही राख कुठे आणि वस्तीपासून किती दूर पुरायची, यावर न्यायालयात पुन्हा वाद सुरू झाला.

४. बासेल करार नेमके काय पाहतो

धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीविषयीचा बासेल करार २२ मार्च १९८९ रोजी स्वीकारला गेला आणि ५ मे १९९२ रोजी अमलात आला. भारताने जून १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेने सही केली, पण मान्यता दिलेली नाही. युनियन कार्बाइडची मूळ कंपनी अमेरिकी असल्यामुळे ही बाब लक्षात ठेवावी.

करारामागचा अनुभव खरा होता. १९८० च्या दशकात श्रीमंत देशांतला विषारी कचरा आफ्रिका आणि कॅरिबियन देशांच्या किनाऱ्यांवर उतरवला जात होता. म्हणून करारातली सगळी रचना वाहतुकीभोवती उभी आहे. चौथ्या कलमानुसार प्रत्येक देशाने कचरा कमी करावा आणि शक्यतो आपल्याच हद्दीत विल्हेवाटीची सोय करावी. ज्या देशाकडे तांत्रिक क्षमता नाही, त्याने मात्र दुसऱ्या सक्षम देशात कचरा पाठवायला हरकत नाही. सहाव्या कलमानुसार पाठवणाऱ्याने घेणाऱ्याची आगाऊ लेखी संमती घ्यायची. या चौकटीत २०१२ चा जर्मन प्रस्ताव बसत होता. तो कायद्यामुळे अडला नाही, जनमतामुळे अडला.

आता त्याच करारातली 'कचरा' या शब्दाची व्याख्या वाचा. ज्या वस्तूंची विल्हेवाट लावली जाते, लावायचा इरादा आहे किंवा देशाच्या कायद्याने लावणे भाग आहे, तो कचरा. मातीत मुरलेले डायक्लोरोबेंझिन या व्याख्येत कधी येईल? ती माती खणून पोत्यात भरली, की येईल. जमिनीत आहे तोवर तिला बासेलच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्व नाही. भोपाळमध्ये खरवडलेली १६२ टन माती अनेक वर्षांच्या पत्रव्यवहाराचा विषय झाली आणि न खरवडलेली ११ लाख टन माती झाली नाही, याचे एक कारण इथे आहे.

कराराचे दहावे कलम सहकार्याबद्दल आहे. माहितीची देवघेव, तंत्रज्ञान, आरोग्यावरील परिणामांचे निरीक्षण असे बरेच काही त्यात आहे. भोपाळच्या बाबतीत सहकार्याचा जो एकमेव ठोस प्रस्ताव मंत्रिगटापर्यंत गेला, तो मात्र विमानात भरून कचरा नेण्याचा होता. जमिनीच्या शुद्धीकरणाचा मोठा अनुभव जर्मनीकडे आहे, तिथे अनेक जुन्या कारखान्यांच्या जागा स्वच्छ केल्या गेल्या आहेत. ते ज्ञान भोपाळला आणण्याची चर्चा तेवढ्या जोराने झाली असती, तर बहुधा कुणाच्या गावातून मोर्चा निघाला नसता.

स्टॉकहोम करार २००१ चा. चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरच्या या करारात दूषित स्थळांचा उल्लेख आहे. सहाव्या कलमात अशी स्थळे शोधण्यासाठी देशांनी योग्य धोरणे आखण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. स्थळ स्वच्छ करायचे ठरवलेच, तर ते पर्यावरणाला धोका न होईल अशा रीतीने करावे, एवढीच पुढची अट. म्हणजे शोधण्याचा प्रयत्न हवा, स्वच्छ करण्याची सक्ती नाही.

५. लखनौहून आलेले उत्तर

सीमेची पर्वा न करणारे विष मोजण्याचे काम लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेकडे आले. ही संस्था १९६५ मध्ये औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र या नावाने सुरू झाली. वायुदुर्घटनेनंतर तिच्या पथकाने भोपाळमध्ये आरोग्य पाहणीही केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कारखान्याभोवतीच्या भूजलाची तपासणी तिच्यावर सोपवली.

या तपासणीआधीची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या पाहणीत आवारातील मातीत पारा आणि आसपासच्या पाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे आढळली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश राज्य सरकारला दिला होता. २०१० च्या नीरी अहवालाचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. कारखान्यातून पाझर होऊन भूजल सर्वसाधारणपणे दूषित झालेले नाही, काही थोड्या विहिरींत आढळलेले दूषण स्थानिक स्वरूपाचे आहे, असे त्यात म्हटले होते. लखनौच्या तपासणीत कारखान्याच्या आवाराबाहेर २२ वस्त्यांच्या भूजलात दूषण असल्याचे पुढे आले. २०१८ च्या तपासणीनंतर बाधित म्हणून मोजल्या जाणाऱ्या वस्त्यांची संख्या ४२ वर गेली.

नागपूर आणि लखनौ या दोन्ही संस्था वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्याच. मग निष्कर्षात एवढे अंतर का? विद्यार्थ्यांनी इथे 'कोण खरे, कोण खोटे' या घाईत पडू नये. प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर बरेचसे ठरते. मातीच्या थरांचा अभ्यास करून 'या चिकणमातीतून पाझर होऊ शकेल का' असे विचारले, तर उत्तर बहुधा नाही असे येते. वस्तीत जाऊन 'या हातपंपाच्या पाण्यात काय आहे' असे विचारले, तर उत्तर पाण्यातूनच मिळते. शिवाय क्लोरीनयुक्त अनेक द्रावके पाण्याहून जड असतात. ती भेगांतून खाली उतरतात, खडकाच्या पोकळ्यांत साचतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत राहतात. प्रत्येक पावसाळ्यात भूजलाची पातळी वर-खाली होते आणि विरघळलेला अंश प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकतो. त्यामुळे एका वर्षी स्वच्छ आढळलेली विहीर दहा वर्षांनी दूषित असू शकते. २२ वरून ४२ हा बदल अशा दृष्टीने वाचायचा असतो. वाढलेल्या आकड्याचा काही भाग दूषण पसरल्याचा असेल, काही भाग तपासणीचे वर्तुळ मोठे झाल्याचा. दोन्ही शक्यता धोरणाला एकच गोष्ट सांगतात : सीमा आखून काम भागणार नाही, दर काही वर्षांनी पुन्हा मोजावे लागेल.

तरीही या तपासणीची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. भूजल तपासून कोणत्या वस्तीला नळाचे पाणी द्यायचे हे ठरवता येते, आणि तसे ते ठरलेही. पण दूषणाचा पूर्ण नकाशा, खोली, दिशा आणि वेग यांचे चित्र एकट्या भूजल-नमुन्यांतून उभे राहत नाही. नळ आल्यावर हातपंपाखालचे विष विसरले जाण्याचा धोका असतो.

६. जबाबदारी मात्र सीमेवर थांबते

कचऱ्याने सीमा ओलांडावी म्हणून इतके प्रयत्न झाले, जबाबदारीने ओलांडावी म्हणून काय झाले? भोपाळच्या रहिवाशांनी भूजल दूषणाबद्दल न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावे लावले. कारखाना भारतीय उपकंपनी चालवत होती, कचऱ्याचे निर्णय तिचे होते, मूळ कंपनी त्यास जबाबदार ठरत नाही, या भूमिकेवर २०१२ मध्ये दावा फेटाळला गेला. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. पुढच्या दाव्याचीही २०१६ मध्ये तीच गत झाली.

भारतात केंद्रीय रसायने आणि खते मंत्रालयाने २००५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात अर्ज करून शुद्धीकरणासाठी डाऊ कंपनीने १०० कोटी रुपये आगाऊ भरावेत अशी मागणी केली. डाऊने २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतली होती, पण भोपाळची जबाबदारी आपल्याकडे येत नाही, हीच तिची भूमिका राहिली. भारतीय उपकंपनी १९९४ मध्ये विकली गेली आणि १९९८ मध्ये कारखान्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली. मालकी अशी हस्तांतरित होत गेली आणि जमिनीतले विष शेवटी सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या, पदरात पडले.

बासेल कराराच्या बाराव्या कलमात जबाबदारी आणि भरपाईविषयी वेगळा मसुदा करण्याचे ठरले होते. तो १९९९ मध्ये तयार झाला. अमलात येण्यासाठी वीस देशांची मान्यता लागते, तेवढी अजून जमलेली नाही. आणि तो अमलात आला तरी त्याचा रोख वाहतुकीदरम्यान झालेल्या नुकसानीवर आहे. कुठेही न हललेल्या विषाला त्याचा उपयोग नाहीच.

७. दोन तुलना

पहिली तुलना तमिळनाडूतील कोडाईकनालची. अमेरिकेतील वॉटरटाऊन येथील थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात तिथे हलवण्यात आला आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे आला. २००१ मध्ये पाऱ्याने माखलेली काच भंगारवाल्याच्या आवारात सापडली आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पाऱ्याचा सुमारे २९० टन कचरा पुनर्प्रक्रियेसाठी अमेरिकेला परत पाठवण्यात आला. कचरा ज्या देशातून तंत्रज्ञान आले तिकडे परत जाऊ शकतो, हे या घटनेने दाखवले. पण कारखान्याच्या मातीत किती पारा राहिला तर चालेल, यावरचा वाद त्यानंतर अनेक वर्षे चालला. किलोला २० मिलिग्रॅम ही मर्यादा पुरेशी आहे असे एका बाजूचे म्हणणे, तर जंगलाला लागून असलेल्या जागेसाठी ती फार सैल आहे असे दुसऱ्या बाजूचे. बांधलेले गेले, मुरलेले राहिले. भोपाळसारखाच नमुना.

दुसरी तुलना नायजेरियातील ओगोनीलँडची. तेलगळतीने दूषित झालेल्या या प्रदेशाची पाहणी संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने नायजेरिया सरकारच्या विनंतीवरून केली आणि २०११ मध्ये अहवाल दिला. दोनशेहून अधिक ठिकाणे तपासली गेली. एका गावात पिण्याच्या विहिरींतले बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. संपूर्ण सुधारणेला २५ ते ३० वर्षे लागतील असे अहवालात स्पष्ट लिहिले आणि सुरुवातीला १ अब्ज डॉलरचा निधी सुचवला. अंमलबजावणी रखडल्याची टीका तिथेही झाली. पण इथे सहकार्याचा विषय जागेवरची माती आणि पाणी होता, आणि पाहणीचा खर्च तेल कंपनीने दिला होता. भोपाळमधील संघटना अशाच पाहणीची मागणी करत आल्या आहेत. त्यासाठी यजमान देशाने विनंती करावी लागते.

८. एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

असे म्हणता येईल की ११ लाख टन माती एकदम साफ करणे कुणालाच शक्य नव्हते. जे तीव्र होते आणि हाताशी होते त्यापासून सुरुवात केली, यात गैर काय? या आक्षेपात तथ्य आहे. गळक्या छपराखाली वर्षानुवर्षे पडलेली विषारी पोती तशीच ठेवणे कोणत्याही निकषावर समर्थनीय नव्हते, आणि ती हलली हे चांगलेच झाले.

अडचण सुरुवातीबद्दल नाही, शेवट जाहीर करण्याबद्दल आहे. पोती गेली म्हणजे काम झाले, असे मानले तर जागेवर स्मारक किंवा इमारती उभारण्याचे बेत पुढे येतात आणि खालच्या मातीची चर्चा मागे पडते. शिवाय मातीचे काम अशक्य आहे, हेही गृहीतच. दूषित भाग वेगळा काढणे, भोवती अभेद्य भिंत घालणे, पाणी उपसून गाळणे, सूक्ष्मजीवांचा वापर करणे अशा पद्धती उपलब्ध आहेत. त्या संथ आणि खर्चिक आहेत. त्यांना सुरुवात करण्यासाठी कुणाच्या सीमेची संमती लागत नाही.

९. समारोप

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. स्थळ शोधणे, तपासणे, जबाबदार व्यक्ती ठरवणे आणि तिच्याकडून खर्च वसूल करणे, अशी पद्धत त्यांत प्रथमच मांडली आहे. भोपाळच्या अनुभवावरून या नियमांना, आणि कोणत्याही सीमापार सहकार्याच्या प्रस्तावाला, तीन प्रश्न विचारता येतात. प्रस्तावात फक्त हलवता येणारा कचरा आहे की जागेवर राहणारे दूषणही आहे? ज्यांच्या गावात काम होणार त्यांना नकाराचा अधिकार, देशाची वा राज्याची सीमा नसली तरी, मिळतो का? आणि जबाबदारी कचऱ्याबरोबर प्रवास करते, की पहिल्याच सीमेवर उतरून जाते?

२०१२ च्या जर्मन प्रस्तावाला हे प्रश्न लावले तर पहिल्याचे उत्तर फक्त पोत्यांपुरते येते. तिसऱ्याचे उत्तर मिळायच्या आधीच प्रस्ताव संपला. २०२५ चे पिथमपूर दुसऱ्या प्रश्नावर नापास होते. लखनौच्या तपासण्यांनी मात्र पहिल्या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वळवले आहे. त्या ४२ वस्त्यांतल्या भूजलाचे पुढचे मोजमाप कधी होते आणि त्याचे निष्कर्ष लोकांसमोर येतात का, यावरून भोपाळची सफाई किती झाली हे ठरवावे. रिकाम्या झालेल्या गोदामावरून ते ठरवता येणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. बासेल करारातील 'कचरा' या व्याख्येत जागेवरच्या दूषित मातीचा समावेश केल्यास कोणते फायदे आणि कोणत्या अडचणी संभवतात?

२. नागपूर खंडपीठातील याचिका आणि जर्मनीतील विरोध यांत साम्य व फरक कोणते? पिथमपूरच्या रहिवाशांची स्थिती या दोहोंपेक्षा वेगळी कशी होती?

३. एकाच परिषदेच्या दोन संस्थांचे निष्कर्ष वेगळे आले, तर न्यायालयाने कोणत्या आधारांवर निर्णय घ्यावा, असे तुम्हाला वाटते?

४. तुमच्या जिल्ह्यातील एखादा बंद कारखाना किंवा जुनी कचराभूमी निवडा. तिथला कोणता भाग 'बांधता येणारा' आणि कोणता 'पाझरलेला' आहे, हे ठरवण्यासाठी कोणती माहिती लागेल याची यादी करा.